ट्रेनिंग झालं, शिकायचं राहिलं

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे माणूस बॅग भरून लिफ्टकडे बघत असतो नेमक्या त्या वेळी, ट्रेनिंगवाल्यांची मेल आली. 'आपले या वर्षीचे शिक्षणाचे तास : ४० पैकी ११.५. उरलेले तास कृपया ३१ मार्चपूर्वी पूर्ण करावेत.' खाली एक लाल पट्टी. आणि सीसीमध्ये मॅनेजर.

आता खरं सांगतो. ते ११.५ तास तरी मी शिकलोय का? तर नाही. एका खिडकीत व्हिडिओ, आवाज बंद, स्पीड दुप्पट. दुसऱ्या खिडकीत कालचा बग. दर दहा मिनिटांनी व्हिडिओ थांबतो आणि 'तुम्ही अजून आहात ना?' असं विचारतो. आपण 'हो' वर क्लिक करायचं. शेवटी पाच प्रश्नांची परीक्षा. उत्तर माहीत नसेल तर 'वरीलपैकी सर्व'. ऐंशी टक्के मिळतात. सर्टिफिकेट येतं. ते लोक लिंक्डइनवर टाकतात, खाली पन्नास जण अभिनंदन करतात, आणि त्यातले चाळीस जण पुढच्या आठवड्यात तोच व्हिडिओ दुप्पट स्पीडवर लावतात.

हसू नका, तुम्हीही हेच करता. :-)

बरं, हे झालं ऑफिसचं. आपलं स्वतःचं म्हणून जे 'अपडेटेड राहणं' असतं ते वेगळंच. वाचायच्या राहिलेल्या लेखांचे साठ टॅब उघडे. 'नंतर बघू' म्हणून साठवलेली व्हिडिओंची यादी, जी मी रिटायर झाल्यावर बघणार आहे. पूर्वी गूगल रीडर होतं. त्यात न वाचलेल्या लेखांचा आकडा हजाराच्या पुढे गेला की तो नुसतं '१०००+' दाखवायचा. म्हणजे त्यालाही मोजायचा कंटाळा यायचा. १ जुलै २०१३ ला ते बंद झालं तेव्हा मला आधी वाईट वाटलं, आणि मग चक्क सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आजही थोडी लाज वाटते, पण ते खरं होतं.

तर आजचा विषय हाच. आपण नक्की कशाच्या मागे धावतोय? आणि जे धावतोय त्याला शिकणं म्हणायचं का?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा शनिवार वाया जायला नको. आपण बातम्या गोळा करतो आणि त्याला शिकणं म्हणतो. ऑफिस तास गोळा करतं आणि त्याला ट्रेनिंग म्हणतं. दोन्हीचा आपल्या रोजच्या कामाशी संबंध फार थोडा आहे. हे मला कुठल्या थोर माणसाच्या भाषणात कळलं नाही, आमच्या अकाउंट्सच्या मॅडमनी कळवलं. तेही जरा कान धरूनच.

झालं असं. २०२४ चा मार्च. वर्षअखेर, सगळ्यांचे खर्चाचे क्लेम एकदम निकाली काढायचे होते. नेहमीची सिस्टीम बसली होती, म्हणून मला सांगितलं की डेटाबेसमधून यादी काढून दे : नाव, बँक, खाते क्रमांक, रक्कम. मी म्हटलं, ह्यात काय आहे, वीस ओळींची क्वेरी. चहा यायच्या आत सीएसव्ही तयार. मग अंगातला शहाणपणा उफाळून आला. म्हटलं, पाठवण्याआधी एकदा डोळ्याखालून घालू. फाईलवर डबल क्लिक केलं, एक्सेलमध्ये उघडली, 'शेरा' म्हणून एक कॉलम वाढवला, सेव्ह केली, पाठवली. २१२ माणसं, एकही ओळ गहाळ नाही. जेवायला गेलो.

परत येतो तर डेस्कपाशी मॅडम उभ्या. हातात प्रिंटआउट, त्यावर पेन्सिलीने गोल गोल केलेले.

"अरे, इतक्या लोकांच्या खाते नंबरचा शेवटचा आकडा शून्य कसा?"

मी बघितलं. १६ आकडी खाते क्रमांक असलेली सदतीस माणसं. सदतीसच्या सदतीस शून्यावर संपत होती. आणि ज्यांच्या नंबरच्या सुरुवातीला शून्य होती, त्यांची ती पुढची शून्यं गायब.

पोटात गोळा आला. एनईएफटीने पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नावावर नाही. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पडताळून बघायची सोय रिझर्व्ह बँकेने सांगितल्यावर बँकांनी २०२५ मध्ये आणली, पण ही गोष्ट त्याच्या आधीची. चुकीचा नंबर अस्तित्वातच नसेल तर पैसे परत येतात. असेल तर कोणा तिऱ्हाइताच्या खात्यात जातात, आणि मग अर्ज, विनंत्या, फेऱ्या. सदतीस जणांचे पैसे. त्यातला एक जण आईच्या ऑपरेशनसाठी त्या पैशांची वाट बघत होता, हे मला नंतर कळलं.

मी माझी क्वेरी तपासली. बरोबर. मूळ सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडली. बरोबर. म्हणजे चूक झाली ती मी 'एकदा डोळ्याखालून घालू' म्हणून फाईल उघडून सेव्ह केली तेव्हा. एक्सेलला आकडे दिसले की तो म्हणतो हा नंबर. नंबर म्हटला की पुढची शून्यं निरर्थक, ती काढून टाका. आणि नंबरातले पहिले १५ आकडेच तो जपतो, सोळाव्याच्या जागी शून्य ठेवतो. कुठे लाल रेघ नाही, इशारा नाही, काही नाही. सेव्ह केलं की मूळ आकडा गेला तो गेला.

"हे क्लासला शिकवलं होतं आम्हाला," मॅडम म्हणाल्या. "फाईल अशी डबल क्लिक करून उघडायची नाही. डेटा मेनूतून आत घ्यायची आणि खाते नंबरच्या कॉलमला आधीच टेक्स्ट सांगायचं." आणि मग ते वाक्य, जे मला आजही झोपेत ऐकू येतं : "तुम्ही सॉफ्टवेअरवाले ना रे?"

क्लास म्हणजे कुठला, तर एमएस-सीआयटी. एमकेसीएल २००१ साली निघालं आणि त्यांचा हा कोर्स महाराष्ट्रात गावोगाव पोचला. सरकारी नोकरीसाठी त्याची अट आली आणि तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचे क्लास निघाले. आम्ही इंजिनिअरिंगवाले त्या काळी त्याला काय हसायचो! 'वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट शिकायला क्लास?' असं म्हणून. मॅडमनी तो केला तेव्हा त्या चाळिशीला टेकल्या होत्या आणि घरात शाळेत जाणारी दोन मुलं होती. त्यांच्याकडे एक दोनशेपानी वही आहे. मी पाहिली. क्लासमधलं पहिल्या वीस पानांत संपलंय. पुढची सगळी पानं म्हणजे 'आज काय चुकलं आणि कसं सुधारलं'. तारखेसकट. वीस वर्षांची.

आणि माझ्याकडे काय होतं? सर्टिफिकेटांची पीडीएफ.

आता ह्यात सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट कुठली, सांगू? एक्सेलच्या ह्या वागण्यामागचं कारण मला माहीत होतं. परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत त्यावर. कॉम्प्युटरमध्ये दशांश आकडे ठेवायची जी पद्धत सगळीकडे चालते तिचं मानक १९८५ सालचं, आयट्रिपलई ७५४. चौसष्ट बिटांपैकी नेमक्या आकड्यासाठी ५३ बिटांएवढी जागा असते. म्हणजे साधारण १५-१६ आकड्यांपर्यंत भरवसा, त्यापुढे 'अंदाजे'. हे मी बोर्डावर काढून दाखवू शकतो. पण बँकेचा खाते क्रमांक आणि हे प्रकरण ह्यांचा काही संबंध आहे हे मला डेस्कवर बसून कधी सुचलं नव्हतं.

वास्तविक गोष्ट साधी आहे. खाते क्रमांक हा नंबर नाहीच. ते नाव आहे, आकड्यांत लिहिलेलं. दोन खाते क्रमांकांची बेरीज करून काय मिळणार? मोबाईल नंबरांची सरासरी काढतं का कोणी? ज्याची बेरीज करण्यात अर्थ नाही ते नंबर म्हणून साठवायचं नाही. बस्. एवढी एक ओळ डोक्यात पक्की असती तर एक्सेलची कुठलीही आवृत्ती असो, मी वाचलो असतो.

आणि नुसत्या एक्सेलमध्येच नाही. जावास्क्रिप्टमध्येही पूर्णांक असाच साठवतात, त्यामुळे ५३ बिटांच्या पुढे तिथेही गडबड. २०१० साली ट्विटरचे ट्वीट क्रमांक त्या मर्यादेपलीकडे जायला लागले तेव्हा त्यांना प्रत्येक क्रमांक नंबर म्हणून आणि शिवाय अक्षरं म्हणून, असा दोनदा द्यावा लागला. रोग तोच, औषधही तेच. मॅडमच्या भाषेत, 'कॉलमला टेक्स्ट सांगायचं'.

म्हणजे १९८५ ची एक गोष्ट नीट कळली तर २०१० चं कळतं आणि २०२४ चंही. उलटं होत नाही. माझ्याकडे २०१० सालचं काय आहे, तर सिल्व्हरलाइटचं ट्रेनिंग. दोन शनिवार-रविवार घालवले होते. बायको माहेरी एकटीच गेली होती त्या वेळी. 'हेच भविष्य आहे' असं तो ट्रेनर इतक्या वेळा म्हणाला की मला खरं वाटलं. २०११ च्या डिसेंबरात त्याची शेवटची मोठी आवृत्ती आली आणि २०२१ च्या ऑक्टोबरात सपोर्टही संपला. फ्लॅश त्याच्या आधीच, २०२० च्या शेवटच्या दिवशी गेलं. आणि एसक्यूएल? त्याच्या मुळाशी असलेला कॉडचा पेपर १९७० चा, भाषा १९७४ ची. आज सकाळी ऑफिसात मी काय लिहीत होतो? एसक्यूएल. पन्नास वर्षांच्या वर झाली, अजून पोट भरतंय.

मोठमोठ्या माणसांचंही हेच होतं म्हणून जरा बरं वाटतं. तीन गोष्टी सांगतो, तिन्ही गाजलेल्या आहेत.

पहिली इंग्लंडची. २०२० च्या सप्टेंबरअखेर, ऐन कोविडमध्ये, १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. का? तर प्रयोगशाळांकडून येणाऱ्या सीएसव्ही फाईली जुन्या एक्सएलएस साच्यात भरत होते. त्या प्रकारात एका शीटवर ६५,५३६ ओळी मावतात. त्यापुढचं गुपचूप बाहेर सांडलं. ज्यांची तपासणी झाली त्यांना निकाल कळले, पण त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायचं काम तेवढे दिवस रखडलं. आता बघा, दहा लाखांवर ओळी घेणारा नवा प्रकार ऑफिस २००७ मध्येच आला होता. म्हणजे तेरा वर्षं.

दुसरी शास्त्रज्ञांची. माणसाच्या काही जनुकांची नावं 'मार्च-१', 'सेप्ट-१' अशी होती. एक्सेल त्यांची तारीख करून टाकायचा. २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं की जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळजवळ एक पंचमांश निबंधांत असली चूक आहे. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल बदलेना म्हणून माणसाच्या जनुकांचं बारसं पुन्हा!

तिसरी अर्थतज्ज्ञांची. राइनहार्ट आणि रोगॉफ ह्या दोघांचा २०१० चा निबंध. देशाचं कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की वाढ खुंटते, असा त्याचा सूर. जगभरातल्या राजकारण्यांनी खर्चकपातीसाठी त्याचा हवाला दिला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याने क्लासचा गृहपाठ म्हणून तो निबंध पुन्हा करून बघायला घेतला. आकडे जुळेनात. त्याने मूळ शीट मागवली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी घ्यायच्याच राहिल्या होत्या. इतरही आक्षेप होते, आणि नुसती ही एक चूक सुधारून निष्कर्ष पूर्ण उलटला असं नाही, पण गाजली ती हीच.

ह्या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. कोणी अडाणी नव्हतं. कोणाला नवीन तंत्रज्ञान माहीत नव्हतं म्हणून चूक झाली नाही. रोज हाताखाली असलेलं अवजार 'हे काय, येतं की' म्हणून कोणी नीट बघितलं नाही. आणि चूक सापडली ती कशी? गृहपाठात. मॅडमच्या पेन्सिलीत. म्हणजे कोणीतरी खरंच शांतपणे बसून काम केलं तेव्हा.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे नवीन काही शिकायचंच नाही का? इव्हेंट, लेख, सगळं थोतांड? तर तसं नाही. माझ्याच विरुद्धचा पुरावा माझ्याकडेच आहे, तो लपवणं बरं नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्ये एक सोय दिली. ऑप्शन्समध्ये, डेटाच्या पानावर, चार टिका आहेत. पुढची शून्यं काढू नकोस, लांब आकडे १५ वर कापू नकोस, मध्ये 'ई' आला म्हणून त्याचं गणित करू नकोस, अक्षरं-आकडे दिसले की तारीख करू नकोस. म्हणजे माझ्या घोटाळ्यावरचा उपाय माझ्या घोटाळ्याच्या पाच महिने आधी आला होता! मला पत्ता नाही. मॅडमनाही नाही. आमच्या ४० तासांत कुठे त्याचा उल्लेख नाही. मी त्या सुमारास काय करत होतो? एका मोठ्या हॉटेलात एआयवरचं भाषण ऐकत होतो. कापडी पिशवी मिळाली होती. अजून भाजीला वापरतो.

तर बातमी लागतेच. पण कुठली बातमी? आपल्या हातातल्या अवजाराची. मी सगळ्या जगाचं वाचत होतो, माझ्या टेबलावरच्या गोष्टीचं सोडून.

आणि इव्हेंटचं म्हणाल तर पूर्वी पुण्यात बारकँप भरायचे, मॉडेल कॉलनीत सिंबायोसिसमध्ये जीएनयूनिफाय भरायचं. तिथे मी जे शिकलो ते आजही वापरतो. कारण तिथे समोरचा माणूस 'हे आमचं प्रॉडक्ट' म्हणून बोलत नव्हता. 'हे मी असं केलं, इथे आपटलो, मग असं केलं' म्हणून बोलत होता. बारकँपची रीतच अशी होती की नुसतं ऐकायला यायचं नाही, काहीतरी घेऊन यायचं. त्यानंतर चहाच्या टपरीवर जे बोलणं व्हायचं ते तर काय! आता मोठ्या इव्हेंटमध्ये बॅज स्कॅन करतात आणि सोमवारपासून सेल्सचे फोन सुरू होतात. भाषण चांगलं असतं, पण ते नंतर यूट्यूबवर येणारच असतं. जायचंच असेल तर माणसांसाठी जावं. तीन माणसांशी नीट बोललो तर तिकीट वसूल, असा माझा आता हिशोब आहे.

आता जरा गंभीर. कारण हे सगळं नुसतं गमतीचं नाही.

आमच्या टीममध्ये एक मुलगी आहे. बाळंतपणाची रजा संपवून परत आली. संध्याकाळी सहाला पाळणाघर बंद होतं, म्हणजे साडेपाचला निघणं भाग. शनिवार-रविवार कुठे जातो ते तिलाच माहीत नाही. ह्या बाईने त्या वर्षी आमच्या दोन सिस्टीममधल्या न जुळणाऱ्या आकड्यांचं तीन वर्षांचं दुखणं शोधून काढलं. एकटीने. कागदावर. आणि अप्रेझलमध्ये शेरा काय? 'स्वतःला अपग्रेड करण्यात कमी पडते.' का, तर तास भरले नाहीत. त्याच वर्षी माझे ४० तास पूर्ण होते. ते कसे, ते वर सांगितलंच आहे.

मी तेव्हा काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. हा लेख खरं तर त्या न बोलण्यावरचा आहे.

'फावल्या वेळात शिका' हे ऐकायला छान वाटतं. पण फावला वेळ कोणाकडे असतो? ज्याच्या घरी दुसरं कोणीतरी स्वयंपाक करतंय, म्हाताऱ्या वडिलांना दवाखान्यात नेतंय, मुलांचा अभ्यास घेतंय, त्याच्याकडे. माझ्याकडे होता, कारण माझ्या बायकोकडे नव्हता. ते सिल्व्हरलाइटचे दोन शनिवार-रविवार कोणी दिले? आणि हिंजवडीहून घरी यायला दीड तास घालवणाऱ्या पोराला 'रात्री कोर्स कर' म्हणून सांगणारा मॅनेजर स्वतः शेवटचा कोर्स कधी शिकला?

शिकणं हे कामाचा भाग आहे की नाही, एवढं एकदा ठरवा. असेल तर ते कामाच्या वेळात व्हायला हवं. सुताराने करवतीला धार लावली तर तो वेळ मजुरीतच धरतात ना? की 'धार रात्री घरी लावून ये' म्हणतात?

कंपन्या तास का मोजतात तेही मला कळतं. तास मोजता येतात, म्हणून. 'अमुक इतक्या लोकांनी इतके तास पूर्ण केले' ही स्लाइड वरच्यांना दाखवता येते. 'सदतीस जणांचे पैसे चुकीच्या खात्यात गेले नाहीत' ही स्लाइड नसते, कारण जे झालंच नाही ते मोजणार कसं? आणि ट्रेनिंगवाल्यांचाही दोष नाही फारसा. त्यांच्याही डोक्यावर कोणाची तरी लाल पट्टी असणारच.

मग करायचं काय? मी माझ्यापुरते तीन नियम केलेत. उपदेश नाही, जमतंय तेवढं करतो.

एक. चुकांची वही. मॅडमची नक्कल. जे चुकलं ते तारखेसकट, चार ओळींत. दोन वर्षांत माझी साठ पानं झालीत, आणि त्या साठ पानांत मी कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त शिकलोय. अट एकच, 'का' लिहायचं. 'एक्सेलने आकडे खाल्ले' एवढं लिहून चालत नाही. का खाल्ले, ते सापडेपर्यंत पान अर्धं ठेवायचं.

दोन. तीन महिन्यांत एक जुनी गोष्ट आणि एक नवी गोष्ट. जुनी म्हणजे जी वीस वर्षं टिकलीय. नवी म्हणजे जी माझ्या टेबलावर आधीच येऊन बसलीय. बाकीच्या जगाची माफी मागितली आणि ते साठ टॅब एका दमात बंद केले. काहीही बिघडलं नाही. आता एआयचं जे वादळ चाललंय त्यातही मी हेच करतोय. सूत्र तो लिहून देतो, चांगलं देतो. पण पाच ओळी राहिल्यात का, हे बघायला अजून पेन्सिलच लागते.

तीन. गुरुवारी दुपारी जेवणानंतर अर्धा तास मी अकाउंट्समध्ये जाऊन बसतो. सुरुवात मी माफी मागायला गेलो होतो तेव्हाच झाली. आता आम्ही पाच-सहा जण असतो. अकाउंट्सच्या दोघी, एचआरचा एक मुलगा, आमच्या टीममधली ती मुलगीही. ऑफिसच्या वेळात, त्यामुळे तिला येता येतं. ज्याचं काही अडलंय तो स्क्रीन दाखवतो. मी मॅडमना त्या चार टिका दाखवल्या, तर त्यांनी आधी वहीत लिहिल्या आणि मग म्हणाल्या, "बरं झालं. पण ही सेटिंग माझ्या मशीनवर. फाईल दुसऱ्याने उघडली तर?" बरोबर होतं त्यांचं. वीस वर्षांची वही बोलत होती.

मागच्या महिन्यात मी ट्रेनिंगवाल्यांना मेल लिहिली, की आमचा हा गुरुवारचा अर्धा तास शिक्षणाच्या तासांत धरा. शिकवणाऱ्यालाही आणि शिकणाऱ्यालाही. उत्तर आलं, की ह्या उपक्रमाला कोर्स कोड नसल्यामुळे नोंद करता येत नाही. मी परत लिहिलंय, की मग कोड द्या. आणि ह्या वेळी सीसीमध्ये मॅनेजरला मी घेतलंय. :-) सोबत त्या मुलीने शोधलेल्या आकड्यांची गोष्टही लिहिली आहे, नावानिशी, तिला विचारून. उशिरा का होईना.

मॅडम पुढच्या वर्षी रिटायर होतायत. ती वही त्या घरी नेणार, हे नक्की. म्हणून आता आम्ही तिचं एकेक पान टाइप करून घेतोय, दर गुरुवारी दोन पानं. कालच्या गुरुवारी २००९ संपलं.

असो. साडेअठ्ठावीस तास अजून बाकी आहेत. तुमच्या ऑफिसात अशी वही कोणाकडे आहे का, ते सोमवारी जरा बघा. बहुतेक असेलच. आपण कधी मागितलेली नसते, एवढंच.